फॉरमॅट मारण्याआधी

सकाळी संगणकाचं बटण दाबलं की काळ्या पडद्यावर दोन ओळी येतात, घरातलं कुणीतरी सवयीने एफ१ दाबतं आणि विंडोज सुरू होतं. कित्येक घरांत हे महिनोन्‌महिने चालतं. त्या दोन ओळींत काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही, कारण एफ१ दाबून काम भागत असतं. मग एक दिवस भागत नाही. सीपीयू दुकानात जातो, तिथून फोन येतो, ‘विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारावा लागेल’, आणि आपण ‘मारा’ म्हणून मोकळे होतो. थोड्या दिवसांनी तीच तक्रार पुन्हा उभी.

फॉरमॅट हा उपाय आहे, पण निदान होण्याआधी तो करू नये, असं माझं ठाम मत आहे. फॉरमॅटने विंडोज नवं होतं. मदरबोर्डवरचा सेल, केबल, रॅम, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि हार्ड डिस्कची झीज मात्र जिथल्या तिथे राहते. दहा-बारा वर्षं वापरलेल्या यंत्रात सुरू होतानाच्या तक्रारी बऱ्याचदा याच भागांतून उगवतात. शिवाय रोज येणारी तक्रार शोधायला सोपी असते. कधीतरी येणाऱ्या बिघाडाची वाट पाहावी लागते. रोज येणारा बिघाड तुम्हाला हवा तेव्हा समोर आणता येतो, एकेक गोष्ट बदलून तपासता येतो.

इथे मी साधारण २००८ ते २०१५ या काळात घेतलेले, बहुतेक असेंबल केलेले डेस्कटॉप डोळ्यांसमोर ठेवले आहेत: कोअर टू ड्युओ, ड्युअल कोअर किंवा सुरुवातीचा आय३ प्रोसेसर, दोन-चार जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क आणि त्यावर विंडोज ७ किंवा १०. लॅपटॉपला यातलं बरंच लागू पडतं, फक्त तो उघडणं कठीण.

तक्रार नेमकी कधी येते?

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत संगणक ठरलेल्या क्रमाने कामं उरकतो. आधी एसएमपीएस वीज स्थिर झाल्याचा इशारा मदरबोर्डला देतो. मग मदरबोर्डच्या चिपमध्ये बसलेला बायॉस हा छोटा प्रोग्रॅम जागा होतो आणि प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले, कीबोर्ड यांची हजेरी घेतो. या तपासणीला पोस्ट म्हणतात. त्यानंतर बायॉस हार्ड डिस्कच्या सुरुवातीचा भाग वाचून विंडोजच्या लोडरच्या हाती काम सोपवतो. लोडर विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर चढवतो. लॉगिन झाल्यावर सगळ्यात शेवटी अँटिव्हायरस, प्रिंटर, स्कॅनर यांचे प्रोग्रॅम सुरू होतात.

तक्रार यातल्या कुठल्या टप्प्यावर आली हे कळलं की शोधाचा पसारा खूप आवरतो. पडद्यावर काहीच नाही आणि नुसती बीप वाजते, तर विंडोजचा संबंधच नाही. ते अजून झोपलेलं आहे. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येऊन थांबली, तर बायॉस बोलतोय किंवा हार्ड डिस्क मिळत नाहीये. विंडोजचं चिन्ह दिसल्यावर निळा पडदा आला, तर ड्रायव्हर, डिस्क किंवा रॅम. डेस्कटॉप नीट आला आणि वर एखादी छोटी चौकट उगवली, तर यंत्र ठणठणीत असून एखादा प्रोग्रॅम कुरकुरतोय.

म्हणून पहिलं काम, संदेशाचा मोबाइलवर फोटो काढा. तो झरकन निघून जात असेल तर व्हिडिओ घ्या आणि थांबवून वाचा. बायॉसच्या टप्प्यावर कीबोर्डवरची पॉज कीसुद्धा पडदा रोखून धरते. निळा पडदा क्षणभर येऊन संगणक आपोआप पुन्हा सुरू होत असेल, तर विंडोज ७ मध्ये चिन्ह येण्याआधी एफ८ दाबत राहा आणि येणाऱ्या यादीतून ‘डिसेबल ऑटोमॅटिक रिस्टार्ट’ निवडा. मग तो पडदा वाचेपर्यंत थांबतो.

फोटोसोबत एका कागदावर थोडी टिपणं ठेवा. संगणक रात्रभर बंद होता की नुकताच रिस्टार्ट केला होता? भिंतीवरचं मुख्य बटण बंद होतं का? पेनड्राइव्ह लावलेला होता का? तक्रार सुरू होण्याच्या आसपास घरात काय बदललं: नवा प्रिंटर, रंगकाम, वीज जाणं, सीपीयू एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवणं? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण सीपीयू हलवताना केबल सैल होणं हे अगदी नेहमीचं कारण आहे.

आणि एक पथ्य: एका वेळी एकच गोष्ट बदला. रॅम पुसली, केबल बदलली, सेल बदलला आणि विंडोजही दुरुस्त केलं, सगळं एका बैठकीत, तर संगणक सुरू होईल कदाचित, पण दोष कुठे होता हे कळणार नाही. तो परत आला की पुन्हा पहिल्यापासून.

पन्नासेक रुपयांचा सेल

जुन्या संगणकात रोज येणाऱ्या संदेशाचं सर्वांत नेहमीचं मूळ म्हणजे मदरबोर्डवरचा चपटा बटन सेल. त्याचा क्रमांक सीआर२०३२, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा, ३ व्होल्टचा. बायॉसच्या सेटिंग आणि घड्याळ, दोन्ही त्याच्या जिवावर टिकतात. तो संपला की पडद्यावर ‘सीएमओएस चेकसम एरर – डिफॉल्ट्स लोडेड’ किंवा ‘सीएमओएस बॅटरी लो’ असं काहीतरी येतं, खाली ‘प्रेस एफ१ टू कंटिन्यू’. एफ१ दाबल्यावर विंडोज उघडतं, पण तारीख काही वर्षं मागे गेलेली असते. इंटरनेटवर बँकेची साइट ‘तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणते, कारण सुरक्षा प्रमाणपत्राच्या मुदतीशी संगणकाची तारीख जुळत नाही. अँटिव्हायरसही तारखेवरून गोंधळतो. घरातल्यांना हे तीन वेगळे बिघाड वाटतात. मूळ एकच, सेल.

आपल्याकडे हा सेल लवकर संपण्याला एक कारण आहे. संगणक बंद असला तरी भिंतीवरचं बटण सुरू असेल तर एसएमपीएस ५ व्होल्टची थोडी वीज मदरबोर्डला देत राहतो आणि सेलवर ताण पडत नाही. आपण मात्र रात्री झोपताना यूपीएस आणि भिंतीवरचं बटण, दोन्ही बंद करतो. सुट्टीत गावी गेलो की आठवडाभर बंद. तेवढा वेळ घड्याळ पूर्ण सेलवर चालतं. बटण बंद करण्यात काही चूक नाही. विजांच्या दिवसांत तर ते करावंच. पण यातूनच सीपीयू न उघडता करता येणारी एक तपासणी मिळते. एका रात्री संगणक नेहमीसारखा शटडाउन करा, पण भिंतीवरचं बटण आणि यूपीएस सुरू ठेवा. सकाळी तारीख बरोबर असेल आणि संदेश आला नाही, मग दुसऱ्या रात्री बटण बंद ठेवल्यावर सकाळी संदेश आला, तर सेल गेला हे पक्कं. मल्टिमीटर असेल तर सेल काढून मोजा. नवा सेल ३ व्होल्टच्या किंचित वर दाखवतो, २.८ च्या खाली गेला असेल तर बदला.

बदलण्याआधी एक काळजी घ्या. सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायॉसमध्ये जा आणि प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. मग प्लग काढा, सीपीयूचं झाकण उघडा, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. सेलच्या कडेला धातूची छोटी पट्टी असते. ती नखाने किंवा बारीक स्क्रू ड्रायव्हरने बाहेर ढकलली की सेल उसळून वर येतो. नवा बसवताना अधिक चिन्हाची, अक्षरं असलेली बाजू वर. बोटांचं तेल लागू नये म्हणून सेल कडेने धरा. मग बायॉसमध्ये जाऊन तारीख-वेळ भरा आणि सेव्ह करून बाहेर या. बऱ्याच बायॉसमध्ये त्यासाठी एफ१० आहे.

सेल बदलूनही प्रश्न सुटला नाही असं अनेकजण सांगतात, आणि इथेच नाहक फॉरमॅट होतात. सेल संपल्यावर बायॉस आपल्या सगळ्या सेटिंग कारखान्यातल्यासारख्या करतो. तुमच्या संगणकाला त्या मानवतीलच असं नाही. काही मदरबोर्डवर फ्लॉपी ड्राइव्ह आहेच असं गृहीत धरलेलं असतं. मग ‘फ्लॉपी डिस्क फेल’ आणि पुढे ४० हा आकडा येऊन संगणक थांबतो, घरात वर्षानुवर्षं फ्लॉपी नसताना. बायॉसमध्ये ‘ड्राइव्ह ए’ समोर ‘नन’ निवडलं की झालं. कधी बूटचा क्रम बदलतो आणि संगणक हार्ड डिस्कऐवजी सीडी किंवा नेटवर्कवरून सुरू व्हायचा प्रयत्न करतो.

सर्वांत फसवी गोष्ट हार्ड डिस्कच्या मोडची. साटा डिस्कशी बोलण्याच्या दोन पद्धती बायॉसमध्ये असतात, आयडीई आणि एएचसीआय. विंडोज टाकताना यातली जी होती तिचाच ड्रायव्हर विंडोज सुरुवातीला चढवतं. सेल संपून मोड बदलला की विंडोजचं चिन्ह येतं, लगेच निळा पडदा झळकतो आणि त्यावर ०x००००००७बी हा कोड असतो. अर्थ इतकाच की ज्या डिस्कवरून सुरू व्हायचं ती विंडोजला दिसत नाहीये. डिस्क चांगली, विंडोज चांगलं, फाइली सुखरूप. बायॉसमध्ये साटा मोड आयडीई असेल तर एएचसीआय करा, एएचसीआय असेल तर आयडीई. एवढं करून पाहण्याने फाइलींना धक्का लागत नाही. तिथे ‘रेड’ हा तिसरा पर्याय दिसला तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

हार्ड डिस्क मिळत नाही तेव्हा

‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’, ‘डिस्क बूट फेल्युअर’, ‘ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड’. शब्द वेगळे असले तरी मतलब एकच: ज्यावरून सुरू व्हायचं ते सापडत नाही. आधी सगळे पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि सीडी काढून पाहा. मागे विसरलेला एखादा पेनड्राइव्ह पुरेसा असतो. ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ हा एक्सपीच्या काळातला आणि ‘बूटएमजीआर इज मिसिंग’ हा व्हिस्टा आणि त्यानंतरचा संदेश. यात डिस्क वाचली जाते, पण लोडर मिळत नाही. चुकीची डिस्क पहिली निवडली गेली असली तरी तो येतो.

यानंतर बायॉसमध्ये जाऊन पाहा की हार्ड डिस्कचं नाव तिथे दिसतंय का. नाव दिसत नसेल तर विंडोज दुरुस्त करण्याचा प्रश्नच येत नाही. दोष केबल, वीज किंवा खुद्द डिस्कमध्ये आहे. साटाची डेटा केबल दोन्ही टोकांनी काढून पुन्हा घट्ट बसवा, मग मदरबोर्डवरच्या दुसऱ्या खाचेत लावून पाहा, मग केबल बदला. ही केबल स्वस्त असते आणि तिच्या टोकाचं प्लास्टिक कालांतराने सैल होतं. नाव कधी दिसतं, कधी नाही, असं असेल तर माझा पहिला संशय केबलवर असतो. डिस्कमधून ठरावीक लयीत टक्‌टक्‌ आवाज येत असेल तर मात्र पुढचे सगळे प्रयोग थांबवा.

आता डेटाबद्दल, कारण हीच बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हार्ड डिस्कबद्दल जरा जरी शंका आली तरी आधी फाइली बाहेर काढा, मग दुरुस्ती. ‘चेकडिस्क’ चालवून खराब सेक्टर शोधायला लावलं की ते डिस्कचा कानाकोपरा वाचतं. मरायला टेकलेल्या डिस्कला तो ताण शेवटचा ठरू शकतो. विंडोज सुरूच होत नसेल तर लिनक्स मिंटसारखी प्रणाली पेनड्राइव्हवर घेऊन तिथून संगणक सुरू करता येतो. ती हार्ड डिस्कवर काही न टाकता चालते आणि फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवता येतात. दुसरा मार्ग म्हणजे डिस्क काढून साटा-यूएसबी केबलने दुसऱ्या संगणकाला जोडणं.

‘आमचं सगळं डी ड्राइव्हवर आहे, काळजी नाही’ हे वाक्य मी फार ऐकतो. सी आणि डी हे बहुतेक घरांत एकाच डिस्कचे दोन भाग असतात. फॉरमॅटमध्ये डी वाचेल. डिस्क गेली तर दोन्ही जातील. आणि डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइली असतात सीवरच.

मराठी घरांसाठी आणखी एक गोष्ट. युनिकोड येण्याआधीच्या काळात श्रीलिपी, आयएसएम अशा सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेली पत्रं, सोसायटीची इतिवृत्तं, वडिलांचे लेख अजून अनेकांच्या डिस्कवर आहेत. त्या फाइली त्यांच्या फाँटशिवाय वाचता येत नाहीत. फॉरमॅटनंतर फाइल शाबूत असते आणि उघडल्यावर भलत्याच अक्षरांचा कचरा दिसतो. म्हणून फाइलींबरोबर विंडोज फोल्डरमधलं फाँट्स हे फोल्डरही कॉपी करा, आणि महत्त्वाची कागदपत्रं पीडीएफ करून ठेवा. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटाही बऱ्याचदा सी ड्राइव्हवर असतो, तो वेगळा शोधून घ्या.

डेटा हाती आला की डिस्कची तब्येत पाहा. प्रत्येक हार्ड डिस्क स्मार्ट नावाची स्वतःची नोंदवही ठेवते. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम ती उघडून दाखवतो. त्यातल्या तीन ओळी पाहा: ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचायला अडणारे, निकालाच्या प्रतीक्षेतले सेक्टर, सी६ म्हणजे वाचताच न आलेले. तिन्ही शून्य असतील तर उत्तम. शून्याहून जास्त असून आकडा आठवड्यागणिक वाढत असेल तर डिस्क बदला, घासाघीस नको. सी७ ही चौथी ओळ वेगळी आहे. ती डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातल्या संवादातल्या चुका मोजते आणि बहुधा केबलकडे बोट दाखवते. तो आकडा कधी कमी होत नाही. केबल बदलल्यावर वाढायचा थांबला की समजावं, चोर सापडला.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्येही खुणा मिळतात. सिस्टिम विभागात ‘डिस्क’ या नावाखाली ७ क्रमांकाची नोंद म्हणजे खराब ब्लॉक, ‘एनटीएफएस’ खाली ५५ म्हणजे फाइलींची रचना बिघडलेली. ‘कर्नल-पॉवर ४१’ एवढंच सांगते की मागच्या वेळी संगणक नीट बंद झाला नव्हता. ते का, हे तिला माहीत नसतं. तिच्यावरून एसएमपीएस बदलायला धावू नका.

वीज

एक लक्षण फार बोलकं असतं. सकाळी बटण दाबलं की पंखा फिरतो आणि थांबतो. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. तिसऱ्या-चौथ्या वेळी संगणक सुरू होतो आणि मग दिवसभर छान चालतो; रिस्टार्टही नीट होतो. थंडीच्या दिवसांत हे वाढतं. यात विंडोजचा दोष शोधू नका. एसएमपीएसमधले किंवा मदरबोर्डवरचे कपॅसिटर सुकले की गार असताना त्यांचं काम नीट होत नाही, थोडे गरम झाले की होतं. मदरबोर्डवर प्रोसेसरच्या आजूबाजूला उभी छोटी नळकांडी दिसतील, डोक्यावर फुलीसारखी खाच असलेली. त्यांचं डोकं सपाट हवं. वर फुगलेलं असेल किंवा खाचेतून तपकिरी चिकट काही बाहेर आलं असेल तर तो कपॅसिटर गेला. नुसत्या डोळ्यांनी टॉर्च लावून हे दिसतं. चांगला इलेक्ट्रॉनिक्सचा कारागीर ते बदलून देतो. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर असे भाग आणि अशी माणसं अजून मिळतात.

एसएमपीएस मात्र घरी उघडू नका. आत २३० व्होल्टच्या विजेचं ३०० व्होल्टच्या वरचं डीसी होतं आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ कपॅसिटरमध्ये साठून राहतं. बाहेरून मोजता येतं: चार पिनांच्या मोठ्या कनेक्टरवर पिवळ्या आणि काळ्या वायरमध्ये १२ व्होल्ट, लाल आणि काळ्यामध्ये ५ व्होल्ट. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे १२ च्या जागी ११.४ ते १२.६. सर्वांत खात्रीची चाचणी म्हणजे ओळखीच्या कुणाचा चालू एसएमपीएस तासाभरासाठी लावून पाहणं.

त्याआधी यूपीएस बाजूला काढून सीपीयू सरळ भिंतीच्या सॉकेटला जोडा. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि सुरू होतानाचा झटका तिला पेलत नाही. दोष संगणकावर येतो. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर घराचं अर्थिंग नाही किंवा तुटलं आहे. जुन्या वाड्यांत आणि चाळींत हे नेहमीचं आहे. वायरमनला बोलावून ते आधी करून घ्या, संगणकासाठी नव्हे तर घरातल्या माणसांसाठी.

बीप, रॅम आणि बाकीचं

एक छोटी बीप म्हणजे सगळं ठीक. अवॉर्ड बायॉसमध्ये एक लांब, दोन आखूड म्हणजे डिस्प्ले कार्डाची तक्रार आणि थांबून-थांबून वाजत राहणारी लांब बीप बहुधा रॅमची. एएमआय बायॉसमध्ये दोन किंवा तीन आखूड बीप रॅमकडे नेतात. मदरबोर्डच्या पुस्तिकेत पक्की यादी असते.

रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने हलक्या हाताने पुसण्याचा उपाय सगळ्यांना माहीत आहे आणि तो खरोखर लागू पडतो, विशेषतः कोकण-गोव्याच्या दमट हवेत. फक्त रबराचा चुरा खाचेत पडू देऊ नका. दोन रॅम असतील तर एकेक लावून पाहा. तरी शंका उरली तर मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवा. एक जरी चूक दिसली तरी ती रॅम बदलायची. ‘एकच तर आहे’ असं म्हणून ठेवू नये, कारण खराब रॅम तुमच्या चांगल्या फाइलीही बिघडवून डिस्कवर लिहिते.

‘सीपीयू फॅन एरर’ आला तर पंखा फिरतोय का पाहा, धूळ काढा. ‘कीबोर्ड एरर’ला दुसरा कीबोर्ड लावा.

निळ्या पडद्याबाबत एक ठोकताळा उपयोगी आहे. दरवेळी तोच कोड आणि त्याच ड्रायव्हर फाइलचं नाव येत असेल तर ड्रायव्हर. दरवेळी वेगळा कोड येत असेल तर रॅम किंवा वीज. आणि सेफ मोडमध्ये संगणक सुरू होतो का पाहा. होत असेल तर भाग बहुधा ठीक आहेत, नुकताच टाकलेला ड्रायव्हर किंवा प्रोग्रॅम काढा, सिस्टिम रिस्टोअर करून पाहा. विंडोज १० मध्ये शटडाउननंतर तक्रार येते पण रिस्टार्ट केल्यावर येत नाही, असं असेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते सुरू असताना शटडाउन पूर्ण होत नाही. गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि जुन्या ड्रायव्हरना ते झेपत नाही.

डेस्कटॉपवरची चौकट

‘रनडीएलएल: देअर वॉज अ प्रॉब्लेम स्टार्टिंग’ किंवा ‘विंडोज स्क्रिप्ट होस्ट: कॅन नॉट फाइंड स्क्रिप्ट फाइल’. ही चौकट पाहून लोक घाबरतात, व्हायरस आला म्हणतात. बहुतेक वेळा व्हायरस येऊन गेलेला असतो. झेरॉक्सच्या दुकानात किंवा फोटो स्टुडिओत लावलेल्या पेनड्राइव्हमधून शॉर्टकट व्हायरस घरी आला, अँटिव्हायरसने त्याची फाइल पुसली, पण ‘सुरू होताना ही फाइल चालव’ ही नोंद रजिस्ट्रीत तशीच राहिली. विंडोज रोज त्या नसलेल्या फाइलला हाक मारतं आणि ती सापडत नाही म्हणून तक्रार करतं. काढून टाकलेल्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममुळेही असंच होतं.

मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचात ऑटोरन्स नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. तो ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडला की सुरू होताना चालणाऱ्या सगळ्या गोष्टींची यादी देतो आणि ज्यांची फाइल सापडत नाही त्या नोंदी पिवळ्या दाखवतो. चौकटीतलं नाव त्यात शोधा आणि समोरची खूण काढा. लगेच डिलीट करू नका. खूण काढून चार दिवस वापरा, सगळं नीट असेल तर मग काढून टाका. नंतर अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन करा आणि घरातले सगळे पेनड्राइव्हही तपासा, नाहीतर पाहुणा परत येतो.

दुकानात नेताना, आणि थांबायचं कधी

घरी उलगडा झाला नाही तर दुकानात न्यायला संकोच नको. पण नेताना संदेशाचा फोटो आणि टिपणं द्या, आणि स्पष्ट सांगा की विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही. काय बदललं, का बदललं हे विचारा आणि काढलेला भाग परत मागून घ्या. चांगला कारागीर हे आनंदाने सांगतो.

सेल, केबल, रॅम, एसएमपीएस यावर खर्च करायला हरकत नाही. फिरती डिस्क गेली असेल तर तिच्या जागी २४० जीबीची साटा एसएसडी टाका. जुन्या यंत्राला याइतका मोठा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. मदरबोर्डच गेला असेल तर मात्र त्या पिढीचा दुसरा जुना बोर्ड शोधून पैसे घालू नयेत. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो, म्हणजे ही यंत्रं त्यात बसत नाहीत. लिहिणं, वाचणं, व्हिडिओ पाहणं एवढंच काम असेल तर लिनक्स मिंट त्यांच्यावर नीट चालतं आणि त्यात युनिकोड मराठी टाइप करता येतं. बँकेच्या व्यवहारांसाठी जुनं विंडोज इंटरनेटला जोडून वापरू नका.

सीपीयू भंगारात किंवा ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे देण्याची वेळ आली तर हार्ड डिस्क आधी काढून घ्या. ‘बिघडली आहे’ म्हणून ती रिकामी होत नाही. तिच्यावर आधार-पॅनचे स्कॅन, पासबुकं, घरातले फोटो असतात आणि योग्य साधनं असलेल्याला ते वाचता येतात. चार स्क्रू आणि दोन केबल, एवढंच काम आहे.